भिंतीवरची लाल रेघ

बंद पडलेल्या त्या थिएटरसमोर सकाळी सहापासून रांग लागायची, आणि दहाला फाटक उघडेपर्यंत रांगेतल्या कुणालाही टेकू दिलं जायचं नाही. "उभे राहा, पाठीला शिस्त लागू द्या," असं ओरडत पांढऱ्या झग्यातले सेवक फिरायचे. जिन्यावरून गडगडलेल्या आजीबाई, मोटारसायकलवरून फेकला गेलेला कारकून, पोत्यांच्या थप्पीखाली सापडलेला हमाल, असे सगळे एकामागे एक. बहुतेकांची पाठ कधी ना कधी मोडलेली आणि मोडल्यावर वेडीवाकडी जुळलेली. कुणी गुडघ्यांवर हात टेकून उभा, कुणी पुढच्याच्या खांद्याला धरून. सगळ्यांना एकच हवं होतं, सरळ व्हायचं होतं.

आत पाऊल टाकलं की आधी वास यायचा. बाम, शिळा घाम, जुनं तेल आणि कुजत चाललेला गालिचा. पडदा काढून टाकलेल्या स्टेजवर रेक्झिनचे सहा बाक मांडले होते. एक माणूस उठला की सेवक फडक्याने बाक पुसायचा आणि दुसऱ्याला झोपवायचा. फडकं दिवसभर तेच. सकाळी ते पांढरं असावं, असं नुसतं मानायचं. बाकांच्या मागे उंच भिंत आणि भिंतीवर शेकडो रेघा. काळी रेघ म्हणजे माणूस आला तेव्हाची उंची. तिच्या वरची लाल रेघ म्हणजे बाबांनी मिळवून दिलेली. शेजारी टोकनचा नंबर आणि तारीख.

मधोमध दात कोरत सरळबाबा उभा होता. हे नाव त्याचं त्यानेच ठेवलं होतं.

"हाड मोडत नाही," माइकवर तो सांगत होता. "हाड विसरतं. पडलं की धक्क्याने त्याला आपलं सरळपण आठवेनासं होतं. डॉक्टर काय करतो? विसरलेल्याला ठोकतो. स्क्रू मारतो. अरे बाबांनो, तुमचा बाप विसरायला लागला तर त्याच्या डोक्यात स्क्रू माराल का?"

हॉल हसला. मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली ताई हसली नाही.

ताई म्हणजे बाजारामागच्या गल्लीत कपडे शिवणारी बाई. पन्नाशी ओलांडलेली, गळ्यात कायम टेप, आणि समोरच्याकडे बघताना नजर आधी त्याच्या खांद्यांवर जाणार. असल्या ठिकाणी तिने पाऊलही ठेवलं नसतं. पण चार नंबरच्या बाकावर तिचा धाकटा भाऊ उताणा पडला होता. कुबडाखाली कापडाची घट्ट वळकटी, कपाळाला तेल, डोळे मिटलेले. तीन तास तो तसाच होता. मधूनमधून बाबा यायचा, त्याच्या छातीवर पंजा दाबायचा आणि "आठव, आठव," असं पुटपुटायचा. तोंडातली काडी न काढता.

एक वाजता धाकट्याला उठवून भिंतीशी उभं केलं. सेवकाने डोक्यावर पट्टी धरली आणि लाल रेघ मारली. काळ्या रेघेच्या चांगलीच वर.

टाळ्या पडल्या. धाकट्याची बायको रडायला लागली. ताई गर्दीतून वाट काढत स्टेजवर चढली आणि कुणी अडवायच्या आत तिने स्वतःची टेप जमिनीपासून दोन्ही रेघांना लावली. फरक सव्वा इंच. तिने पुन्हा मोजलं. सव्वा इंचच.

"पटलं का, ताई?" बाबाने विचारलं. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा आणि न घासलेल्या दातांचा मिळून वास येत होता.

ताईने टेप पुन्हा गळ्यात अडकवली. चमत्कारांवर तिचा विश्वास नव्हता, पण टेपवरच्या आकड्यावर होता. आणि आकडा खरा होता. घरी जाईपर्यंत ती स्वतःवरच चिडत राहिली.

धाकटा रंगारी होता. दीड वर्षापूर्वी एका इमारतीची बाहेरची बाजू रंगवताना बांबूंच्या परांचीची फळी निसटली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून वाळूच्या ढिगावर पडला. जीव वाचला, पाय हलत होते, पण कमरेच्या जरा वरचा एक मणका चेपला गेला. हॉस्पिटलने छातीपासून कमरेपर्यंतचा पट्टा दिला आणि तीन महिने काढायचा नाही म्हणून बजावलं. सहाव्या आठवड्यात त्याने तो काढला. "घामोळं येतं गं, ताई, आणि कामावर कोण घेतंय मला त्या चिलखतात?" चेपलेला मणका पुढून आणखी खचत गेला आणि पाठीला कुबड आलं. वर्षभरात तो असा वाकला की समोरच्याशी बोलताना कोंबड्यासारखी मान वर करावी लागे. शिडी चढणं संपलं. दुखणं मात्र दिवसरात्र सोबत.

मणक्याच्या डॉक्टरबाईंनी सगळं नीट सांगितलं होतं. पाठीमागून उघडायचं, खचलेल्या मणक्याचा पाचरीसारखा तुकडा काढायचा, पाठ सरळ करायची आणि वरखाली दोन-दोन मणक्यांत स्क्रू घालून त्यांना दांड्यांनी बांधायचं. सहा-सात तास लागतील.

"धोका किती?" धाकट्याने विचारलं होतं.

"शंभरात दोघा-तिघांच्या पायांना कमीजास्त इजा होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते होऊ नये म्हणून ऑपरेशन चालू असताना पायांच्या नसा सारख्या तपासत असतो. पण होणारच नाही, असं मी सांगणार नाही. आणि तसंच ठेवलंत तरी धोका आहे, कारण कुबड अजून वाढतंय."

धाकट्याच्या डोक्यात ते दोघे-तिघे घर करून बसले. बाकीचे सत्त्याण्णव त्याला दिसेनात. नेमका अशा वेळी बायकोने कुठून तरी बाबाचा पत्ता आणला. बाबाने धोका सांगितलाच नाही. लाल रेघ मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्याने हॉस्पिटलला फोन केला आणि ऑपरेशनची तारीख रद्द करून टाकली.

ताईने भांडण केलं नाही. तिने त्याला आपल्या दुकानाच्या चौकटीशी उभं केलं, खडूने खूण केली आणि जमिनीपासून टेप लावली. ती रेघ मारल्याच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होती. सव्वा इंचातला दोऱ्याएवढाही शिल्लक नव्हता.

"बाबांनी सांगितलंय," धाकटा म्हणाला, "पहिल्या दहा वेळा हाड परत विसरतं."

"आणि अकराव्या वेळी?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे."

तो दर आठवड्याला जात राहिला. सोबत एक पूड मिळायची, तिचं नाव स्मृतिचूर्ण. दोन वेळा पाण्यातून घ्यायची. तिने दुखणं जवळजवळ थांबलं, ही गोष्ट खरी. भूक वाढली, चेहरा गोल झाला. गल्लीतले लोक म्हणायचे, "तब्येत काय सुधारलीय." ताईने त्याच्या नव्या शर्टासाठी माप घेतलं. कॉलर पंधरावरून सोळावर गेली होती आणि दंड मात्र काड्यांसारखे झाले होते. पाठीचं माप होतं तिथेच होतं, पुढून आखूड, मागून लांब. ज्याची तब्येत सुधारते त्याचे दंड बारीक होत नाहीत, एवढं तिला तीस वर्षांच्या कामाने शिकवलं होतं.

सातव्या आठवड्यात तो दुपारी दुकानात आला. तीन पायऱ्या चढून आत येऊन बसला, गप्पा मारायला लागला. ताईचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता.

"चप्पल कुठंय?"

त्याने खाली बघितलं. चप्पल दुसऱ्या पायरीवर पडली होती. ती केव्हा निसटली ते त्याला कळलंच नव्हतं.

"असं कधीपासून होतंय?"

"दोन आठवडे," तो शिवणयंत्राकडे बघत म्हणाला. "बाबांना सांगितलं होतं. म्हणाले, जुना पाय जातोय, नवा येतोय."

तोंडात काडी ठेवून हे वाक्य बोलणारा तो माणूस ताईला डोळ्यांसमोर दिसला. त्या दिवशी तिने दुकान दुपारीच बंद केलं, पुडीतली चिमूटभर पूड कागदात बांधली आणि हॉस्पिटल गाठलं. धाकटा यायला तयार नव्हता, म्हणून एकटीच गेली.

डॉक्टरबाईंनी पूड तपासायला पाठवली आणि धाकट्याचे जुने एक्स-रे दिव्यावर लावले. एकात तो उभा होता, मणक्यांची रांग मध्येच काटकोनात मोडल्यासारखी. दुसऱ्यात तो उताणा होता, आणि तीच रांग निम्म्याहून जास्त सरळ झालेली.

"हा बाबाकडचा?" ताईने विचारलं.

"नाही, आमच्याकडचा. पाठीखाली वळकटी ठेवून आम्हीच काढलेला. मोडलेलं हाड पुरतं जुळलेलं नसलं, तर उताणं झोपवल्यावर त्यातली फट उघडते आणि पाठ थोडी सरळ होते. आपोआप किती सरळ होतंय आणि किती कापावं लागेल, हे ठरवायला आम्ही हा फोटो काढतो. माणूस उठून चालायला लागला की अंगाच्या वजनाने फट पुन्हा मिटते."

"म्हणजे तुमची तपासणी हाच त्याचा चमत्कार."

"आणि प्रत्येक वेळी ते हाड उघडतं, मिटतं, आतल्या नसांना घासतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चप्पल त्यामुळेच निसटतेय. त्यांना लवकर घेऊन या."

"पण तिथे कुबड नसलेले लोकही असतात. नुसतं पाठ दुखणारे. तेही वाढतात."

"तुम्हीही वाढाल. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. दिवसभर उभं राहिलं की ती दबते, आडवं झालं की फुगते. सकाळी प्रत्येक माणूस संध्याकाळपेक्षा थोडा उंच असतो."

डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून ताईने लगेच मान डोलावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळभर तिने उभ्याने कापड बेतलं, मग चौकटीशी उभी राहून शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून खूण करून घेतली. दोघांनी मिळून त्याचीही खूण केली. मग तीन तास ती दुकानात चटईवर पडून राहिली आणि तो आपल्या टेबलाखाली. उठल्यावर ताई अर्ध्या इंचाला जराशी कमी एवढी वाढली होती. इस्त्रीवाला पुरता अर्धा इंच.

"मी तर घोरत होतो," तो म्हणाला. "कसलीही आठवण काढली नाही."

तेव्हा ताईला रांगेचा अर्थ लागला. माणसांना चार तास उभं ठेवायचं, गाद्या पुरत्या चेपू द्यायच्या, मग काळी रेघ मारायची. तीन तास झोपवायचं आणि लाल रेघ मारायची. सेवक रांगेत फिरून पाठी का चाचपतात, हेही उमगलं. ज्यांचं हाड घट्ट जुळून बसलंय त्यांची पाठ वळकटीवर हलायची नाही. त्यांना 'तुमची वेळ आली नाही' म्हणून परत पाठवत होते. उद्या पुन्हा रांगेत उभं राहायला.

चार दिवसांनी पुडीचा अहवाल आला. खडूची भुकटी आणि तिच्यात कुटून मिसळलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या. दुखणं त्यानेच दबलं होतं, चेहरा त्यानेच सुजला होता, दंड त्यानेच झडले होते.

हे ऐकूनही धाकटा बाबाकडे जायचं सोडेना; पुढच्या खेपेला त्याचा नंबर दुपारच्या तुकडीत होता. रांग सकाळपासूनच होती, म्हणून ताई त्याच्यासोबत सकाळीच गेली. इस्त्रीवाला सकाळीच येऊन बाहेरच्या दालनात, तिकिटखिडकीजवळच्या लाकडी बाकावर आडवा झाला होता. बाकावर पडण्याआधी ताईने त्याच्या उंचीची पेन्सिलीने भिंतीवर खूण केली होती आणि रांगेतल्या दोघांना ती बघून ठेवायला सांगितली होती.

दुपारी धाकट्याचा नंबर पुकारला तशी ताईही स्टेजवर चढली.

"बाबा, याला झोपवायच्या आधी पहिल्या दिवसाच्या लाल रेघेपाशी उभं करा."

"मागचं मागे, ताई," बाबा म्हणाला. "आपण पुढे बघणारी माणसं."

"उंची दिलीत ना तुम्ही? दिलेली वस्तू जागेवर आहे का, एवढंच बघायचंय."

सेवक पुढे सरसावला. पण खालून कुणीतरी म्हणालं, "बघू द्या की." मग आणखी दोघे-चौघे तेच म्हणाले. बाबाने हात पसरून हसून दाखवलं. ताईने धाकट्याकडे बघितलं. तो जागचा हलला नाही. त्याची बायको खालून नको नको म्हणून मान हलवत होती. ताईने त्याचा हात धरला नाही की त्याला बोलावलं नाही. भरल्या हॉलमध्ये स्वतःच्या रेघेखाली उभं राहणं म्हणजे काय, हे तिला कळत होतं.

तो गेला. डावा पाय किंचित ओढत, आपला आपण भिंतीपर्यंत चालत गेला आणि पाठ टेकवून उभा राहिला. लाल रेघ त्याच्या डोक्याच्या तीन बोटं वर होती. काळी रेघसुद्धा बोटभर वर होती. आठ आठवड्यांत तो आणखी वाकला होता.

मग तो हमाल पुढे आला आणि आपला नंबर शोधून उभा राहिला. मग कारकून. लाल रेघेला एकही पोचला नाही.

"श्रद्धा खचली," बाबा माइकवर म्हणाला, "म्हणून हाड खचलं. मी देतो, तुम्ही सांभाळत नाही. संशय हा पाठीचा वाळवी-रोग आहे."

"मग याची श्रद्धा कुठली?" ताईने दाराकडे बोट दाखवलं. इस्त्रीवाला डोळे चोळत आत आला होता. पाठोपाठ रांगेतले ते दोघे. त्यांनी त्याला पेन्सिलीच्या खुणेशी उभं करून बघितलं होतं.

"अर्धा इंच वाढला," त्यांतला एक म्हणाला. "आम्ही दोघांनी बघितलंय."

"मला बाबांचं नावही धड ठाऊक नाही," इस्त्रीवाला म्हणाला. "बाक टणक होता, पण झोप लागली."

काही लोक हसले. बाबाने माइक बंद करायची खूण केली. ताईला माइक लागत नव्हता. गल्लीच्या टोकाशी उभ्या गिऱ्हाइकाला हाक मारायचा तिचा आवाज होता. चेपलेल्या आणि फुगलेल्या गादीची गोष्ट तिने चार वाक्यांत सांगितली, वळकटीची दोन वाक्यांत, आणि मग पुडीचा अहवाल वाचून दाखवला. "ही पूड एकदम बंद करू नका," तिने शेवटी बजावलं. "डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा. एकदम सोडलीत तर जिवावर बेतेल. हे या माणसाने तुम्हाला सांगितलंय का?"

ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तोपर्यंत तो स्टेजच्या मागच्या दाराने निघूनही गेला होता. काडी बाकावर पडली होती, चावून चावून चोथा झालेली.

सगळे लोक काही ताईच्या बाजूने झाले नाहीत. एक म्हातारे गृहस्थ तिच्या अंगावर धावून आले. "मला बरं वाटत होतं. तुमचं काय जात होतं?" असं विचारताना त्यांचे सुजलेले गाल थरथरत होते. वीसेक जण तर रिकाम्या स्टेजसमोर तसेच बसून राहिले, बाबा परत येईल म्हणून. ताईला त्यांचा राग आला नाही. किळस आली ती त्या फडक्याची, त्या वासाची, आणि दुखणाऱ्या माणसांना चार तास उन्हात उभं करून त्यांच्याच हाडांकडून खोटी साक्ष काढून घेणाऱ्या डोक्याची. औषध खात्याच्या अधिकाऱ्यांनी नंतर मागच्या खोलीतून खडूची पोती आणि गोळ्यांचे डबे जप्त केले. बाबा महिनाभराने दुसऱ्या गावात सापडला. तिथेही त्याची भिंत तयार होती.

धाकट्याचं ऑपरेशन लगेच झालं नाही. पूड हळूहळू उतरवायला आणि तिने वाढलेली रक्तातली साखर ताब्यात यायला पाच आठवडे गेले, आणि त्या पाच आठवड्यांत पाय आणखी जड झाला. ऑपरेशन साडेसात तास चाललं. चौथ्या दिवशी त्याला उभं केलं तेव्हा समोरच्या भिंतीवरचं घड्याळ त्याला मान वर न करता दिसलं. तो बराच वेळ किती वाजलेत तेच बघत राहिला. पाठ आता सरळ आहे, पण मध्ये ताठ आहे. खालची वस्तू उचलायला गुडघ्यांत वाकावं लागतं. शिडीवर तो पुन्हा चढणार नाही. डाव्या पायाची ताकद बरीच परत आली, पण अंगठ्याजवळची जाणीव आली नाही. "दोन महिने आधी आला असतात तर," एवढंच म्हणून डॉक्टरबाई थांबल्या. वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवर ट्रकच्या धडकेत पाठ मोडलेली एक बाई आली. तिचा नवरा दुपारभर फोनमध्ये डोकं घालून बसला होता. शेवटी उठून ताईजवळ आला. "हे बघा," म्हणाला, "हा कुणीतरी बिनऑपरेशनचा सरळ झालाय. पत्ता मिळाला तर इथून हिला हलवतो. डॉक्टर तर इजा होऊ शकते म्हणून आधीच सांगतायत."

फोनवर थिएटरचं स्टेज होतं, टाळ्या होत्या, आणि लाल रेघेखाली हात जोडून उभा असलेला गोल चेहऱ्याचा धाकटा होता.

ताई बोलायच्या आधी धाकट्याने हात पुढे करून फोन मागितला. स्वतःकडे बघताना त्याने तोंड वेडंवाकडं केलं, उलटी दाबल्यासारखं.

"हा मी आहे," तो म्हणाला.

नवऱ्याने एकदा फोनकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं.

"ती उंची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. ते कुणी शूट केलं नाही. माझ्या सांगण्यावरही जाऊ नका. तुम्ही स्वतः आता तुमची उंची मोजा, उद्या सकाळी उठल्या उठल्या परत मोजा. वाढलेली दिसेल. मग विचार करा, तुम्हाला कुणी बरं केलं." त्याने फोन परत दिला. "आणि धोका आहे म्हणून सांगणाऱ्याला मीही घाबरलो होतो. तुम्ही घाबरा, पण त्यालाच जाऊन विचारा, किती धोका, कशाचा, टाळायला काय करता. तो उत्तर देईल. जो धोकाच नाही म्हणतो, त्याला हे विचारून बघा. तो तुम्हाला श्रद्धा कमी आहे म्हणेल."

नवरा खाटेच्या कडेला बसला. थोड्या वेळाने त्याने खिशातून कागद काढला आणि डॉक्टरबाई फेरीला येईपर्यंत तो त्यावर प्रश्न लिहीत राहिला.